सेवा केंद्राचा लॅपटॉप : विंडोज बदलावे की आहे तेच चालू ठेवावे?

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांची अडचण थोडक्यात देत आहे.

केंद्राचे सगळे काम २०१९ साली घेतलेल्या एकाच लॅपटॉपवर चालते. त्यात आठव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, पीक विम्याचे अर्ज, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म असे सर्व काही त्यावरच होते. लॅपटॉपवर विंडोज १० असून त्याचा सपोर्ट संपल्याची सूचना पडद्यावर वारंवार येते. यजमान म्हणतात, चालत्या कामाला हात लावू नये. नांदेडला संगणकाची पदविका करणारा पुतण्या म्हणतो, एका रात्रीत विंडोज ११ टाकून देतो. दुरुस्तीच्या दुकानातील गृहस्थ म्हणतात, मशीन विकून नवीन घ्या, नाहीतर फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकून देतो. लॅपटॉप आधीच अतिशय संथ झाला आहे. बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, जुना प्रिंटर आणि श्री-लिपी या जुन्या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली पत्रे यांचे काय होईल, ही काळजी वेगळीच. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : "बिघडले तर माझ्या दारात माणसे ताटकळतील, आणि नाही केले तर नेमका कोणता धोका आहे हे मला कोणी नीट सांगत नाही. मी काय करावे?"

ताई,

तुमच्या पत्रातील शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. सल्ला देणारे तिघेही काय करावे ते सांगत आहेत, परंतु काहीच केले नाही तर काय होते, हे त्यांच्यापैकी कोणीही सांगितलेले नाही. निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

विंडोज १० हे जुलै २०१५ मध्ये आले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडेल असा नाही. तो उद्याही सुरू होईल, प्रिंट देईल, संकेतस्थळे उघडेल. थांबल्या त्या दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या. विंडोजमध्ये नवनवे दोष सापडतच असतात. विंडोज ११ साठी एखाद्या दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध झाली की ती तपासून मूळ दोष कुठे होता हे जाणकारांना शोधून काढता येते, आणि या दोन्ही आवृत्त्यांचा बराचसा पाया एकच असल्याने तोच दोष अनेकदा विंडोज १० मध्येही असतो. फरक एवढाच की तिथे तो बुजवला जात नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या, तेव्हा ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ती मिळालीच नव्हती, अशांच्या संगणकांमध्ये तो विषाणू शिरला.

"पण माझ्याकडे अँटिव्हायरस आहे" असे अनेक केंद्रचालक म्हणतात. विंडोजमध्ये असणाऱ्या डिफेंडरला नव्या विषाणूंची माहिती विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, ही गोष्ट खरी आहे. तरीही अँटिव्हायरस हा वाड्याच्या दारावरील राखणदारासारखा असतो. तो ओळखीच्या चोराला अडवतो, पण मागच्या भिंतीला पडलेले भगदाड बुजवणे हे त्याचे काम नाही. दुसरी अडचण हळूहळू येते. जुन्या विंडोजची साथ इतर कंपन्याही एकेक करून सोडतात. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम ब्राउझरची नवी आवृत्ती मिळणे २०२३ च्या सुरुवातीला थांबले. तेव्हा ज्यांनी वेळेत बदल केला नव्हता त्यांना घाईत, आणि म्हणून अधिक खर्चात, तो करावा लागला. विंडोज १० वर ती वेळ आज आलेली नाही, पण ती येईल हे धरूनच चालावे.

आता तुमच्या पत्रातील एका गृहीतकाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. यजमानांचे "चालत्या कामाला हात लावू नये" हे म्हणणे मी हलके मानत नाही. ज्या घराचा चरितार्थ एका यंत्रावर चालतो, त्या घरात ही सावधगिरी शहाणपणाचीच आहे. मात्र हा विचार लॅपटॉप फक्त तुमचा आहे असे धरून केलेला आहे. त्यावर कोणाकोणाची कागदपत्रे आहेत हे एकदा पाहा. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये शेजारच्या दहा गावांतील माणसांची आधार कार्डे, बँकेच्या पासबुकाची पहिली पाने, सातबारे, रेशन कार्डे, मुलींच्या गुणपत्रिका आणि विधवा निवृत्तिवेतनासाठी दिलेले मृत्यूचे दाखले साठलेले असतील. ही माणसे विश्वासाने ती कागदपत्रे तुमच्या हाती देतात आणि त्या विंडोजचा सपोर्ट संपला आहे हे त्यांना ठाऊकही नसते. तुमचा एकट्याचा, गाणी ऐकण्याचा लॅपटॉप असता तर मी "वर्षभर थांबा" असे सहज म्हटले असते. इथे मला तसे म्हणवत नाही. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झालेला आहे, परंतु कायद्याच्या भीतीपेक्षा त्या माणसांच्या विश्वासाचे ओझे मला मोठे वाटते. म्हणून विंडोजचे काय करायचे ते ठरण्यापूर्वीच एक काम करून टाका. ज्या अर्जांचे काम पूर्ण झाले आहे, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती पुसून टाका आणि रिसायकल बिनही रिकामी करा. पावती आणि अर्जाचा क्रमांक ठेवला की बहुतेक कामांना पुरते. यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि चोरीला जाण्यासारखे जितके कमी तितका धोका कमी.

दुसरे गृहीतक वेगाबद्दलचे आहे. लॅपटॉप संथ झाला म्हणजे तो म्हातारा झाला, आणि विंडोज ११ टाकले की आणखी रखडेल, असे तुम्हाला वाटत असावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि काम करताना "डिस्क"च्या रकान्याकडे पाहा. तिथे बराच वेळ १०० टक्के दिसत असेल तर दोष प्रोसेसरचा नाही, फिरत्या चकत्यांच्या हार्ड डिस्कचा आहे. त्यातच रॅम ४ जीबी असल्याने जागा अपुरी पडली की विंडोज त्याच संथ डिस्कचा वापर रॅमसारखा करते आणि सगळेच अडकते. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह हा दाखले, अर्ज आणि ब्राउझरच्या कामाला आजही पुरेसा सक्षम आहे. हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि रॅम ८ जीबी केली, तर हाच लॅपटॉप तुम्हाला ओळखू येणार नाही. रॅमचे दर अलीकडे चढले आहेत, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा, आणि दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर आधी एसएसडी घ्यावी. त्यामुळे "विकून नवीन घ्या" हा सल्ला मला तुमच्या बाबतीत पटत नाही. हा सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या बराच आत बसतो.

फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकण्याचा प्रस्ताव मात्र मी स्पष्टपणे नाकारायला सांगेन. त्याने तुमचे टोकनचे सॉफ्टवेअर, ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सेवा (त्याला आधारच्या पडताळणीशी जोडणारे सॉफ्टवेअर), प्रिंटरचे ड्रायव्हर, जुने फॉन्ट सर्व काही जाईल. त्याहून वाईट म्हणजे अशा स्वस्तातल्या कामात अनेकदा परवाना नसलेले विंडोज टाकले जाते आणि ते चालू करण्यासाठी इंटरनेटवरून उतरवलेला एखादा क्रॅक, म्हणजे परवान्याची अट चुकवणारा प्रोग्रॅम, वापरला जातो. सुरक्षेसाठी म्हणून केलेल्या कामातूनच परका प्रोग्रॅम सर्वाधिकारांसह आत येतो. ज्या यंत्रावर लोकांचे अंगठे उमटतात, त्यावर हे चालणार नाही. खऱ्या विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाण्यासाठी मायक्रोसॉफ्ट पैसे घेत नाही, हेही लक्षात असू द्या.

मग तुमचे विंडोज १० खरे आहे का? हा प्रश्न खोचक नाही. २०१९ च्या सुमारास आपल्या भागात डॉसवर आलेले लॅपटॉप सर्रास विकले जात आणि दुकानदार वरून विंडोज टाकून देत. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी आणि त्याखाली ॲक्टिव्हेशन उघडा. तिथे डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झाल्याचा उल्लेख असेल तर बहुधा काळजीचे कारण नाही. तसे नसेल किंवा बिल पाहून शंका येत असेल, तर परवान्याचा खर्च या कामाच्या अंदाजात आत्ताच धरावा.

पुतण्याचा उत्साह चांगला आहे आणि त्याची मदत तुम्ही घ्यावी असे मला वाटते, फक्त "एका रात्रीत" ही अट काढून टाकावी. त्याला आधी तीन गोष्टी तपासायला सांगा. पहिली म्हणजे मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे छोटे ॲप चालवून लॅपटॉप पात्र आहे का ते पाहणे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना विश्वासू सॉफ्टवेअरच चालू देणारी) सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. तुमचा त्यात बसतो. दुसरी गोष्ट अशी की ॲपने "टीपीएम नाही" असे सांगितले तरी निराश होऊ नये. या पिढीच्या लॅपटॉपमध्ये ती सोय असतेच, पण अनेकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते आणि इंटेलच्या मशीनमध्ये तिचे नाव पीटीटी असे दिसते. ती सुरू करण्याआधी डिस्क एनक्रिप्ट (सांकेतिक रीतीने कुलूपबंद) केलेली आहे का हे पाहून, असल्यास तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर स्वतःच्याच फायलींना मुकावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड पाहणे. तिथे "लेगसी" लिहिलेले असेल, आणि दुकानात टाकलेल्या विंडोजच्या बाबतीत ते बरेचदा असते, तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यावी लागेल. विंडोजमध्ये त्यासाठी एमबीआर२जीपीटी ही आज्ञा आहे, पण ती चालवण्याआधी सर्व फायलींची प्रत घेतलेली असणे अनिवार्य आहे.

मी सुचवते तो क्रम असा आहे. आधी नवी एसएसडी घ्यावी आणि जुन्या हार्ड डिस्कवरील सर्व मजकूर, विंडोजसह, जसाच्या तसा तिच्यावर क्लोन करावा. मग एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवून आठवडाभर विंडोज १० वरच नेहमीचे काम करावे. ठसे घेतले जातात, सही उमटते, प्रिंट निघते अशी खात्री झाली की त्या एसएसडीवर, फॉरमॅट न मारता, विंडोज अपडेटमधून किंवा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील इन्स्टॉलेशन असिस्टंटमधून विंडोज ११ चढवावे. जे काही प्रयोग होतील ते नव्या डिस्कवर होतील आणि तुमची जुनी डिस्क आहे त्या स्थितीत बाजूला सुरक्षित राहील. अगदी सगळे बिघडले तरी ती परत बसवून संध्याकाळी केंद्र सुरू करता येईल. यजमानांच्या मनातील भीतीला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. शिवाय विंडोज ११ वर गेल्यानंतर पहिले १० दिवस सेटिंग्जमधील रिकव्हरीतून "गो बॅक" करून मागे येता येते, परंतु त्यासाठी डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजच्या फायली पुसून टाकता कामा नयेत. त्या १० दिवसांत प्रत्येक प्रकारचे काम निदान एकदा करून पाहा.

उपकरणांबाबत तुमची काळजी रास्त आहे. डिजिटल सहीचे प्रमाणपत्र टोकनमध्येच असते, ते विंडोज बदलल्याने पुसले जात नाही. ठसे घेणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मात्र त्याचे मॉडेल आणि आरडी सेवेची नवी आवृत्ती विंडोज ११ वर चालते का, हे त्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर आधीच पाहून ठेवावे. टोकन, ठशांचे यंत्र आणि प्रिंटर या तिघांचेही ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवावेत. सर्वांत जास्त शंका मला जुन्या प्रिंटरचीच आहे. त्याचा ड्रायव्हर मिळत नसेल तर तेवढ्यासाठी सगळे काम अडवून ठेवू नये.

श्री-लिपीतील पत्रांचे म्हणाल, तर त्या फायली कुठेही जाणार नाहीत, पण त्यांचा फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हे दिसतील. फॉरमॅट न मारता चढवलेल्या विंडोजमध्ये फॉन्ट टिकतात. तरीही फॉन्टच्या फायली आणि त्या सॉफ्टवेअरचे डोंगल (ते चालू होण्यासाठी यूएसबीला लावायची किल्ली) असल्यास ते, दोन्ही जपून ठेवा, आणि महत्त्वाच्या पत्रांची पीडीएफ आजच काढून घ्या. नवी पत्रे मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीतच, टंकावीत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. इनस्क्रिप्ट या प्रमाण मराठी कळफलकाची सवय नसेल तर उच्चारानुसार टंकण्याचा मराठी कळफलक विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासूनच आत दिलेला आहे. युनिकोडमधील मजकुराला उद्या कोणतेही यंत्र आले तरी अडचण येत नाही.

हे सगळे केव्हा करायचे, याला मी खूप महत्त्व देते. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्न, रहिवास आणि नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यांसाठी तुमच्या दारात रांग लागेल, आणि त्यापाठोपाठ सोयाबीन-कापसाच्या पेरणीनंतर पीक विम्याची झुंबड उडेल. त्या काळात लॅपटॉपला हात लावू नये. मार्चअखेरीची गडबड उरकल्यानंतर आणि निकालांपूर्वी मधे जी उसंत मिळते ती यासाठी वापरावी, त्यातही आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. सहा-सात वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा अर्धा तासही तग धरत नसेल आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही. विंडोज चढवताना किंवा बायोसचे अपडेट करताना वीज गेली तर मोठे नुकसान होऊ शकते, म्हणून इन्व्हर्टरच्या जोडणीवरच हे काम करा. डाउनलोड काही जीबींचे असते. मोबाइलच्या डेटावर ते अर्ध्यात तुटण्यापेक्षा फायबरची जोडणी असलेल्या नातेवाइकाकडे बसून उतरवलेले बरे.

तोपर्यंतच्या काळासाठी एक तात्पुरती सोय आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या देण्याची वाढीव योजना ठेवली आहे. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये नोंदणीचा दुवा दिसतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्यास संमती दिली तर पैसे पडत नाहीत. ही योजना घरगुती वापरकर्त्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे आणि संस्थांसाठीची व्यवस्था वेगळी व सशुल्क आहे, त्यामुळे केंद्राच्या यंत्राने तिच्यावर कायमचे विसंबू नये. सध्या तुम्हाला दुरुस्त्या मिळत आहेत की नाहीत, हे अपडेट हिस्टरीत शेवटची तारीख पाहून लगेच कळेल.

याच पेचात असलेल्या, परंतु सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडे लिहिते. लॅपटॉपवरील स्टिकरवर केवळ आय-थ्री किंवा आय-फाइव्ह असते, त्यावरून पिढी कळत नाही. सेटिंग्जमधील "अबाउट"मध्ये पूर्ण नाव पाहावे. आय-थ्री ७०२० असे असेल तर तो सातव्या पिढीचा, म्हणजे अपात्र आहे. अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, म्हणून व्यवसायाच्या लॅपटॉपवर त्या करू नयेत. ज्या घरात लॅपटॉप मुलांचा अभ्यास, व्हिडिओ आणि ब्राउझर यांपुरताच आहे, तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू २४.०४ (विंडोजसारख्याच, पण लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली) बसवणे हा उत्तम मार्ग आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि उबंटूच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ठशांचे यंत्र आणि सहीचे टोकन यांवर ज्यांचे काम चालते, त्यांना मात्र मी लिनक्सचा सल्ला देणार नाही, कारण या उपकरणांची सॉफ्टवेअरे प्रामुख्याने विंडोजसाठीच केलेली असतात. अशांनी वाढीव योजनेची नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पूर्वी नव्या लॅपटॉपसाठी पैसे बाजूला काढावेत. तोपर्यंत लोकांची कागदपत्रे त्या यंत्रावर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नयेत.

राहिली तुमची जुनी हार्ड डिस्क. विंडोज ११ वर खरिपाचा हंगाम सुरळीत पार पडेपर्यंत ती कपाटात कुलपात ठेवा, आणि त्यानंतर पुतण्याला ती दुसऱ्या संगणकाला जोडून पूर्ण पुसायला सांगा. क्विक फॉरमॅटने फायली खऱ्या अर्थाने जात नाहीत, त्यामुळे त्यातील पर्याय बदलून पूर्ण फॉरमॅट करावा लागेल, आणि १ टीबीला त्यासाठी काही तास जातील. ते होण्याआधी कोणी चांगली किंमत देऊ केली तरी ती डिस्क दुकानात देऊ नका.